त्रेचाळीस अर्धी गाणी आणि स्टॉकहोमचं तिकीट

वाचकाचं पत्र

मी 23 वर्षांची आहे, नाशिकला राहते. बी.कॉम. झाल्यावर एका सीएंच्या ऑफिसात काम करते. लहानपणी पेटी शिकले, गाण्याच्या चार परीक्षा दिल्या. गेली तीन वर्षं रोज रात्री लॅपटॉपवर गाणी करते. 43 फाइली झाल्या आहेत, पण पूर्ण एकही नाही. मला स्टेजवर जायचं नाही, चेहराही दाखवायचा नाही. स्वीडनच्या मॅक्स मार्टिनसारखं पडद्यामागे राहून दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची आणि घडवायची आहेत. सहा लाख रुपये साठवलेत. तिकडे जाऊन शिकावं असं मनात आहे. बाबा म्हणतात, अशी गाणी करून कोणाचं पोट भरलंय? तो माणूस नेमका कसा घडला, त्यातलं मला काय जमेल आणि हे पैसे तिकडे घालावेत का, ते सांगा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर

सुरुवात 43 पासून करू, सहा लाखांकडे नंतर येऊ.

तीन वर्षांत 43 गाणी सुरू करणाऱ्या मुलीला आळशी कोण म्हणेल? चाल सुचते, ठेका बसतो, मग दुसऱ्या रात्री बेसचा आवाज बदलण्यात दोन तास जातात आणि तिसऱ्या रात्री नवीच चाल सुचते. त्या गाण्याची वाट बघत कुणी बसलेलं नसतं, म्हणून ते तिथेच राहतं. तू ज्याचं नाव घेतलंस तो तुझ्याच वयाचा असताना त्याच्या आयुष्यात नेमकी हीच गोष्ट बदलली. त्याला एक खोली मिळाली आणि त्या खोलीत गाण्याची वाट बघणारी माणसं मिळाली.

मॅक्स मार्टिनचं खरं नाव कार्ल मार्टिन सँडबर्ग, जन्म 1971, स्टॉकहोमजवळच्या स्टेनहाम्रा गावात वाढलेला. स्वीडनमध्ये 1940 च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत. शाळकरी पोरांना तिथे अगदी कमी पैशांत वाद्य शिकायला मिळतं. तो तिथे फ्रेंच हॉर्न वाजवायला शिकला. आपल्याला जे आलं ते या सरकारी शाळेमुळे, असं तो पुढे मोकळेपणाने सांगत आला आहे. तुझ्या पेटीला आणि गाण्याच्या चार परीक्षांना कमी लेखू नकोस, ती त्याच जातीची शिदोरी आहे. पुढे तो एका ग्लॅम मेटल, म्हणजे भडक वेशात दणदणीत रॉक वाजवणाऱ्या, बँडचा गायक झाला आणि त्यापायी शाळाही अर्ध्यावर सोडली. तू नोकरी सोडायच्या विचारात असशील तर हा भाग उचलू नकोस. बँड फारसा चालला नाही. पण ज्या कंपनीशी त्यांचा करार होता तिथल्या माणसाच्या लक्षात आलं की या पोराला चाली सुचतात.

तो माणूस म्हणजे डेनिझ पॉप. खरं नाव डाग व्होल्ले, पेशाने डीजे. त्याला वाद्य वाजवता येत नव्हतं, स्वरलिपी वाचता येत नव्हती. लोक नाचायला कधी उठतात आणि कधी बसतात, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. एका नवख्या बँडने पाठवलेली डेमो कॅसेट त्याच्या गाडीच्या टेपमध्ये अडकून बसली. निघेना, म्हणून गाडी चालवताना तेच गाणं रोज कानावर. ऐकता ऐकता त्यात काय कमी आहे ते त्याला कळत गेलं. ते गाणं म्हणजे 1992 चं एस ऑफ बेसचं ‘ऑल दॅट शी वॉन्ट्स’.

त्याच वर्षी त्याने टॉम टालोमासोबत स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागात शेरॉन स्टुडिओ उभा केला आणि 1993 मध्ये सँडबर्गला तिथे घेतलं. वय 22. प्रोड्यूसर, म्हणजे स्टुडिओत गाणं घडवणारा माणूस, करतो काय, हेही तेव्हा त्याला धड माहीत नव्हतं. पहिली दोन वर्षं दिवसरात्र स्टुडिओत बसून शिकण्यात गेली. आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात. गुरुजींकडे स्वरलिपी नव्हती, शिष्याकडे होती. शिष्याकडे नाचणाऱ्या लोकांची नाडी नव्हती, गुरुजींकडे होती. मॅक्स मार्टिन हे नावही डेनिझ पॉपनेच दिलं.

आता वर्षं नीट बघ. 1993 ला तो आत आला. 1995 मध्ये त्याचं नाव रेडनेक्स आणि एस ऑफ बेस या बँडच्या गाण्यांवर दिसू लागलं. 1996 ला बॅकस्ट्रीट बॉइजचं ‘क्विट प्लेइंग गेम्स’, 1997 ला रॉबिन या स्वीडिश गायिकेची गाणी. ऑगस्ट 1998 मध्ये डेनिझ पॉप कर्करोगाने गेला, अवघा 35 वर्षांचा. आणि जानेवारी 1999 मध्ये ब्रिटनी स्पिअर्सचं ‘बेबी वन मोअर टाइम’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. म्हणजे उमेदवारीपासून पहिल्या नंबरापर्यंत जवळपास सहा वर्षं, तीही जगातल्या उत्तम खोलीत, रोज पूर्ण दिवस काम करून. त्यानंतर गीतकार म्हणून त्याची पंचवीसहून जास्त गाणी त्या यादीत पहिली आली. तिथे त्याच्या पुढे फक्त पॉल मॅकार्टनी आहे. बाबांना हे सगळं सांग, पण ती सहा वर्षंही सांग.

शेरॉनमध्ये काम कसं चालायचं, ते तुझ्या सगळ्यात उपयोगाचं आहे. क्रिस्टियान लुंडिन, रामी याकूब, अँड्रियास कार्लसन, जेक शुल्झ, योर्गन एलोफसन अशी मंडळी शेजारशेजारच्या खोल्यांत असायची. एकाचा मुखडा तयार असायचा पण अंतरा अडायचा, तो दुसऱ्याच्या खोलीत जायचा. कुणाचा तरी ठेका, कुणाचे तरी शब्द. गाणं अडलं की ते हार्ड डिस्कवर पडून राहत नसे, हात बदलत असे. स्टुडिओ 2000 साली बंद झाला, पण पद्धत टिकली. आधी मॅराटोन ही कंपनी, पुढे वुल्फ कझिन्स हा गट. शेलबॅक, इल्या सलमानझादे, ऑस्कर होल्टर ही पुढची फळी मॅक्स मार्टिनने तशीच हाताखाली घडवली. तो क्वचितच मुलाखत देतो. तेव्हा चेहरा न दाखवता हे जमतं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर होय. एकटीने जमतं का, याचं उत्तर मात्र नाही असंच द्यावं लागेल.

आता कामाच्या पद्धतीकडे येऊ. तिला लोक गाण्याचं गणित म्हणतात. या नावाने घाबरू नकोस, पेटीवर बसून तपासता येईल इतकं ते सोपं आहे.

आपल्या गाण्यात मुखडा आधी येतो, मग अंतरा. त्यांच्याकडे अंतरा आधी, मग मुखड्याकडे नेणारी एक चढण आणि मग मुखडा. ही चढण आपल्याकडच्या नवख्या मुलांच्या गाण्यांत बहुधा नसते, म्हणून मुखडा आला तरी आल्यासारखा वाटत नाही. तिन्ही भागांची चाल एकमेकींहून वेगळी ऐकू आली पाहिजे आणि तो फरक स्वरांच्या लांबीतून येतो. समजा अंतऱ्यात तू ‘सा सा रे ग ग रे सा सा’ असे आठ छोटे स्वर भरलेस. मग चढणीत ‘म – – प – –’ असे लांब, थोडे स्वर घे. मुखड्यात वर ‘सां – नि ध प –’ असा उतार. अंतरा समेवर सुरू होत असेल तर चढण सम सोडून, अर्ध्या मात्रेने उशिरा उचल आणि मुखडा पुन्हा थेट समेवर आदळू दे. तिन्ही भाग समेवरच सुरू झाले की ऐकणाऱ्याला भाग बदलल्याचं कळत नाही. मग आपण तो फरक दाखवायला ढोल वाढवतो, सिंथेसायझर वाढवतो, आणि गाणं नुसतं मोठ्या आवाजाचं होतं. तुझ्या फाइलींमध्ये तीसतीस ट्रॅक असतील तर कारण बहुतेक हेच असावं.

एका गाण्यात चालीच्या कल्पना तीन-चारच असाव्यात. पाचवी सुचली तर ती पुढच्या गाण्याची. आणि मुखड्याची चाल मुखड्याच्या आधीच कानावरून गेलेली असली तर उत्तम. प्रिन्सच्या एका गाण्यात अंतरा आणि मुखडा एकाच चालीवर आहेत, फक्त गाण्याची ढब बदलते. ही युक्ती आपण तिथून घेतली असं मॅक्स मार्टिनने सांगितलेलं आहे. कॉर्ड्सच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांच्या, मागे लागू नकोस. टेलर स्विफ्टचं ‘शेक इट ऑफ’ मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत तीनच कॉर्ड्सवर फिरतं. कॉर्ड्स स्थिर ठेवल्या की चालीला हलायला जागा मिळते.

‘बेबी वन मोअर टाइम’ घड्याळ लावून ऐक. लय मिनिटाला 93 मात्रा, म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन अडीच सेकंदांहून थोडं जास्त. पहिल्याच सेकंदात पियानोचे ते तीन ठोके येतात आणि गाणं ओळखू येतं. मग आठ आवर्तनांचा अंतरा, चारांची चढण, आणि चाळीस सेकंदांच्या आसपास मुखडा हजर. शेवटी मुखड्यावर आधी ऐकलेली दुसरी चाल चढवली आहे. दोन ओळखीच्या चाली एकदम ऐकू येतात, म्हणून नवं काही न आणता गाणं मोठं होतं. हे जमण्यासाठी दोन्ही चाली एकाच कॉर्ड्सवर बसाव्या लागतात. म्हणूनच कॉर्ड्स आधी स्थिर हव्यात.

शब्दांची गोष्ट निराळी आहे, आणि इथे त्याचं अनुकरण जपून कर. त्याच्याकडे चाल आधी आणि पक्की, शब्द तिच्या मापाने कापायचे. केटी पेरीच्या ‘टीनेज ड्रीम’चे शब्द बॉनी मॅकी या सहगीतकारणीने कितीतरी वेळा नव्याने लिहिले. ओळीतले उच्चार मोजून हवेत आणि पुढची ओळ तिचं प्रतिबिंब हवी, हा त्याचा आग्रह असतो. मराठी माणसाला हे परकं नाही. मनाच्या श्लोकांतलं भुजंगप्रयात बारा अक्षरांचं आहे आणि लघुगुरूही ठरलेले, म्हणून तर ते पोराटोरांच्या तोंडी बसतं. पण एक खाच आहे. वृत्तात आपण प्रत्येक अक्षर सुटं म्हणतो, बोलीत शेवटचा अ गिळतो. ‘पाऊस’ वृत्तात तीन अक्षरं, तोंडात दोनच उच्चार. तेव्हा कागदावरची अक्षरं मोजू नकोस, तोंडातले उच्चार मोज.

समजा मुखड्याची पहिली ओळ ‘पाऊस आला’ आहे. पा-ऊस-आ-ला, चार उच्चार. दुसरी ओळ ‘तुझी आठवण आली’ लिहिलीस तर तु-झी-आठ-वण-आ-ली असे सहा झाले. मग गायिका दोन उच्चार घाईत कोंबते आणि चाल मोडते. ‘आठव आला’ लिही. आ-ठव-आ-ला, चार. लांब स्वराखाली लांब, जोडउच्चाराखाली जोडउच्चार (‘ऊस’खाली ‘ठव’). आता दोन्ही ओळी न शिकवता एकाच चालीत म्हणता येतात. शिवाय शेवट ‘आ’ वर होतो. वरच्या स्वरावर तोंड उघडणारे आ आणि ओ चांगले टिकतात. ‘ई’ वर आवाज चिरका होतो आणि ‘ण्’, ‘त्’ वर तो तुटतो.

स्वीडिश मंडळी परक्या भाषेत लिहितात, त्याचे फायदेतोटे त्यांनी दोन्ही भोगलेत. ‘बेबी वन मोअर टाइम’मधली ‘हिट मी’ ही ओळ ‘मला फोन कर’ अशा समजुतीने लिहिली गेली आणि अमेरिकेत ती मारहाणीची वाटेल म्हणून लोक बिचकले. बॅकस्ट्रीट बॉइजच्या ‘आय वॉन्ट इट दॅट वे’च्या शब्दांचा अर्थ लागेना, म्हणून अर्थ लागणारी दुसरी आवृत्तीही केली गेली. गाणाऱ्या मुलांनी पहिलीच निवडली, कारण ती कानाला गोड होती. मराठी श्रोता हे चालवून घेणार नाही, असं माझं मत आहे. आपल्याकडे शब्द कळले नाहीत तर लोक गाणं सोडून देतात. तेव्हा माप त्यांचं घे, अर्थाची सूट घेऊ नकोस.

गायनाच्या ध्वनिमुद्रणात त्याची चिकाटी प्रसिद्ध आहे. डेमो तो स्वतः गातो आणि गायिकेच्या अनेक टेकमधून, म्हणजे पुन्हापुन्हा गाऊन घेतलेल्या मुद्रणांतून, ओळ नि ओळ, प्रसंगी शब्द नि शब्द निवडून जोडतो. हे तुला घरी करता येईल. गादी-रजया असलेल्या कपाटाकडे तोंड करून गा, माइकपासून साधारण वीतभर अंतर, मध्ये कापडी गाळणी. पातळी −12 ते −6 डेसिबलच्या मध्ये ठेव. एका ओळीचे सहा टेक घे, सहाच. साठ घेतलेस तर निवडायला बसणारच नाहीस. निवडून एक सलग गायन तयार कर. मग तेच दोनदा वेगळं गाऊन एक डावीकडे, एक उजवीकडे, हळू आवाजात ठेव. हे जोडगायन बहुतेकांचं खडखडतं, कारण ‘त’, ‘प’, ‘स’ तिन्ही आवाजांत एकाच क्षणी पडत नाहीत. उपाय म्हणजे बाजूच्या दोन आवाजांतली शेवटची व्यंजनं कापून टाक, स्वर राहू दे. व्यंजन फक्त मधल्या आवाजाने म्हणायचं. आणि खोली घुमत असेल तर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते जात नाही. आवाज दाबून सारखा केला की घुमणं उलट वर येतं. म्हणून आधी रजई, मग प्लगइन.

यंत्रसामग्रीवर चाळीस हजारांच्या वर जाऊ नकोस. माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, कान झाकणारे हेडफोन एवढं त्यात बसतं.

आता स्वीडन. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठांत 2011 पासून शुल्क भरावं लागतं. नुसत्या अर्जाचे 900 क्रोनर. निवास परवान्यासाठी दरमहा दहा हजारांहून जास्त क्रोनर खर्चाची सोय खात्यात दाखवावी लागते. क्रोनर नऊ रुपयांना धरला तर दहा महिन्यांचे नऊ लाख झाले, शुल्क वेगळंच. तुझे सहा लाख तिथे पहिल्याच वर्षात पुरत नाहीत. उत्तरेला अर्न्शोल्ड्सविक गावात गीतलेखनाचा नावाजलेला व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, पण त्या देशातले असे व्यावसायिक वर्ग बहुतेक स्वीडिश भाषेत चालतात. मुख्य म्हणजे मॅक्स मार्टिनला जे मिळालं ते या वर्गांत नव्हतंच. नगरपालिकेची संगीतशाळा, सरकारी मदतीने चालणाऱ्या अभ्यास मंडळांच्या तालमीच्या खोल्या आणि शेरॉनची उमेदवारी, यावर तो घडला. यातलं पहिलं तुला नाशिकला मिळून गेलं आहे.

बाहेरून जाऊन तिथे रुजलेला एक माणूस तुला माहीत असावा. सवान कोटेचा, टेक्सासमध्ये वाढलेला, घराणं भारतीय. वन डिरेक्शनचं ‘व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल’ त्याने रामी याकूब आणि कार्ल फाल्क यांच्याबरोबर लिहिलं, पुढे मॅक्स मार्टिनबरोबर द वीकेंडचं ‘कान्ट फील माय फेस’. तो स्टॉकहोमला गेला तो गीतकार म्हणून, विद्यार्थी म्हणून नव्हे. तूही जायचं तर तसं जा. आणि आणखी एक विचार कर. स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. घरची बाजारपेठ लहान म्हणून ते इंग्रजीत लिहितात. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. तुला ऐकणारे शोधायला देश सोडायची गरज नाही.

पैशांबद्दल बाबांची शंका रास्त आहे, म्हणून हे नीट वाच. त्या पद्धतीत ठेका आणि संयोजन करणारा हा गाण्याचा सहलेखक धरला जातो, त्याला रॉयल्टीत वाटा असतो. तिथे ती गोळा करण्याचं काम 1923 मध्ये स्थापन झालेली स्टिम ही संस्था करते. आपल्याकडे प्रोग्रॅमिंग, म्हणजे लॅपटॉपवर ठेका आणि वाद्यं बसवण्याचं काम, करणाऱ्याला बहुधा एकरकमी पैसे देऊन मोकळं केलं जातं. चाल त्याची असली तरी. तू चाल केलीस तर संगीतकार म्हणून नाव लागलं पाहिजे, हे आधी बोलून घे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहातलं प्रदर्शन वगळता गाण्याच्या इतर वापरांतल्या रॉयल्टीचा आपला हक्क गीतकार-संगीतकाराला वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. “सगळे हक्क आमचे” असा कागद पुढे आला तर हे आठव. पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की आयपीआरएस या आपल्याकडच्या, स्टिमसारख्या कॉपीराइट सोसायटीची सभासद हो.

त्याच्याही आधी वाटणीची चिठ्ठी. गाणं झालं त्याच दिवशी, खोलीतून उठायच्या आत, एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं आधार कार्डावरचं पूर्ण नाव, कुणी काय केलं, किती टक्के, बेरीज शंभर, सह्या. मोबाइलवर फोटो सगळ्यांना. गाणं चाललं की आठवणी बदलतात, म्हणून हे त्याच दिवशी. आणि नाव एकाच स्पेलिंगने सगळीकडे. तीन ठिकाणी तीन स्पेलिंग गेली की पैसे कुणाचे ते जुळत नाहीत आणि अडकून राहतात.

जुन्या गाण्याचा तुकडा वापरायचा मोह होईल, म्हणून हेही सांगते. ब्रिटनीचं ‘टॉक्सिक’ ऐक. स्टॉकहोमच्या क्रिस्टियान कार्लसन आणि पोंटस विनबर्ग या जोडीने ते कॅथी डेनिस आणि हेन्रिक योनबाक यांच्याबरोबर केलं. त्यातली ती किंचाळणारी व्हायोलिनं 1981 च्या ‘एक दुजे के लिए’मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ची आहेत, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, लताबाई आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं गाणं. गाण्यातले व्हायोलिनचे तुकडे कापून शेजारी लावले आणि त्यातून नवी चाल उभी राहिली. कान किती लांबवर असावा लागतो बघ! पण असा तुकडा वापरायला परवानग्या दोन लागतात. एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी चाल आणि शब्दांच्या हक्कदाराची. दोन्ही हातात नसतील तर व्हायोलिन वाजवणारा शोध आणि स्वतःची चाल वाजवून घे. सात सेकंद चालतात, दहा सेकंद चालतात असं जे ऐकतेस त्याला कायद्यात आधार नाही.

पुढचे बारा आठवडे नोकरी सांभाळून असे घाल. दोन माणसं शोध. एक शब्द लिहिणारं, एक गाणारं. नाशिकमध्ये एकांकिका करणारी मुलं भरपूर आहेत, तिथे लिहिणारं हमखास सापडेल. गाणारं कुठल्याही गायन क्लासात. दोघंही तुझ्यापेक्षा वेगळ्या आवडीची असू देत. मॅक्स मार्टिनही 2000 नंतर काही वर्षं मागे पडला होता. त्याची गाडी पुन्हा रुळावर आली 2004 मध्ये, केली क्लार्कसनच्या ‘सिन्स यू बीन गॉन’ने, न्यूयॉर्कचा गिटारवादक लुकाश गॉटवाल्ड सोबत आल्यावर.

दर आठवड्याला एक गाणं. दीड मिनिटाचं, एक अंतरा, एक चढण, एक मुखडा. पेटी आणि आवाज, बाकी काही नाही. गुरुवारपर्यंत चाल पक्की, शनिवारी शब्द, रविवारी संध्याकाळी तिघांनी एकत्र बसून रेकॉर्ड करायचं आणि वाटणीची चिठ्ठी लिहूनच उठायचं. गाणं बेकार झालं तरी पूर्ण करायचं. अडलं तर ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं, तुझ्या हार्ड डिस्कवर परत न्यायचं नाही. लॅपटॉपवरचं संयोजन सहाव्या आठवड्याआधी उघडू नकोस. तेव्हा सहांपैकी एकच गाणं निवड आणि तेवढ्याचंच कर.

त्या 43 फाइलींचं काय? येत्या रविवारी प्रत्येक फाइल एकदाच, मोबाइलच्या स्पीकरवर, साठ सेकंद ऐक. हेडफोन नको, त्यात सगळंच बरं वाटतं. काहीही दुरुस्त करू नकोस. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना यातल्या ज्या चाली न ऐकता गुणगुणता येतील त्यांचे नंबर कागदावर लिही. दोन-तीनच निघतील. त्यांचे स्वर सरगममध्ये वहीत उतरवून घे, फाइली बंद कर आणि पहिल्या तीन आठवड्यांचं काम त्या वहीतून सुरू कर.